अभद्र बोलण्याची शिकवणी

झैतुनाने दोन बोटांच्या चिमटीत ते पुस्तक पावावरून उचललं आणि मेलेला उंदीर बाहेर टाकावा तसं खिडकीच्या फळीवर नेऊन ठेवलं. मग ती स्वयंपाकघरात आली.

"पावावर पुस्तक ठेवतो हा माणूस," ती सुनेला म्हणाली. "उद्या बूट ठेवेल. घरात शिट्टी वाजवतो. परवा उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केला, अपशकुन म्हणून मी घेतला नाही तर दात काढले. आणि बलिश चहात बुडवतो! मांसाचं सारण भरलेला बलिश, चहात! कुत्रंसुद्धा आधी हुंगून बघतं गं."

इल्झिरा बटाटे सोलत होती. "कंपनीनं पाठवलेत ते, आई. हळू बोला, दार उघडं आहे."

"उघडं आहे म्हणूनच बोलतेय."

बाहेरच्या खोलीत आर्तुर मास्तरने बहुतेक ऐकलं असावं, कारण त्याची शिट्टी थांबली. तो तिशीचा, लांब मानेचा, कारागांडा शहरातून बसने यायचा. आठवड्यातून तीनदा, दुपारी चारला, पहिल्या पाळीची माणसं अंघोळ करून खाणीवरून घरी आली की. त्याच्यासमोर इल्दुस बसला होता, झैतुनाचा एकुलता एक. चौतीस वर्षांचा बाप्या, अकरा वर्षं जमिनीखाली काढलेला, आणि वही उघडून बसला होता पहिलीतल्या पोरासारखा.

खाणीवर परदेशी इंजिनियर आले होते. त्यांना सुरक्षा खात्यात एक मदतनीस हवा होता, इथलाच, खाण आतून जाणणारा, पण इंग्रजी बोलणारा. काम वर. टेबल, खुर्ची आणि खिडकी. परीक्षा शुक्रवारी, आणि आज बुधवार. झैतुनाने शेजारीपाजारी एक अक्षर काढलं नव्हतं, बोललं की फिसकटतं. पण त्या खुर्चीवर ठेवायची उशी तिने शिवून कपाटात ठेवली होती.

"रशियनमध्ये आपलं काम सोपं असतं," मास्तर सांगत होता. "मला उचलता येतं, मला आत येऊ द्या, उद्या वारा सुटू शकतो, सगळं आपण एकाच खुंटीला टांगतो. इंग्रजांच्या तीन खुंट्या. हातात ताकद आहे, तर 'कॅन'. दुसऱ्याची परवानगी हवी, तर 'मे'. आणि आपल्या हातात काहीच नाही, घडेल किंवा घडणारही नाही, तर 'माइट'. चला, पहिली खुंटी."

इल्दुसने धडाधड पाच वाक्यं म्हटली. मास्तरने प्रत्येकाचा अर्थ रशियनमध्ये विचारला आणि त्याने तोही सांगितला. मी खांब उभा करू शकतो. मी अंधारात केबल जोडू शकतो. मी दोन माणसांचं वजन ओढू शकतो.

"बढाया मारायला बरी भाषा आहे," झैतुना म्हणाली. तरी तिची मान ताठ झाली.

दुसऱ्या खुंटीवर तो आणखी सराईत निघाला. मी वर येऊ का? मी यंत्र बंद करू का? मी पाणी पिऊ का?

"बायकोला विचारायची वाक्यं पाठ झालीत," इल्झिरा हळूच म्हणाली, आणि सासू-सुना दोघींनी तोंडं फिरवून हसू गिळलं.

झैतुनाने घमेल्यात कोमट पाणी ओतलं. खाणीतले कपडे खाणीवरच धुतले जात, पण हेल्मेटखाली घालायची लोकरीची टोपी तिने स्वतः विणलेली होती, ती खाणीच्या साबणाला द्यायची नाही असा तिचा दंडक होता. दर बुधवारी ती टोपी घरी यायची. तिने ती पाण्यात बुडवली.

"आता हे चित्र," मास्तर म्हणाला. "शुक्रवारी असंच देतील. बोगदा आहे, छत आहे, हा तिसरा खांब बघा, वाकलाय. इथे काय होऊ शकतं?"

इल्दुस मागे सरकला. खुर्ची करकरली.

"सांगा ना. काय होऊ शकतं?"

"काही नाही. छत चांगलं आहे."

"खांब वाकलाय."

"दुसरा लावू. मी लावू शकतो."

"ते पहिल्या खुंटीचं झालं हो. मी तिसरी विचारतोय."

इल्दुसने पेन्सिल खाली ठेवली. मास्तरने सुस्कारा सोडला. "माझ्याकडून चाळीस जण शिकून गेले, इल्दुस. सगळे 'कॅन' म्हणतात, सगळे 'मे' म्हणतात, आणि चित्र दाखवलं की चाळीसच्या चाळीस मुके. ते परदेशी कागदावर लिहितात, या माणसाला धोका दिसत नाही. की पाठवला परत खाली. तुम्हाला दिसतो ना? मग म्हणा माझ्यामागून. छत कोसळू शकतं. खाली माणूस सापडू शकतो. इल्दुस आज घरी न येऊ..."

झैतुना ओल्या हातांनी दारात उभी होती. तिने डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, मग टेबलापाशी येऊन त्याच्या लाकडावर खालून तीनदा बोटं आपटली.

"आग लागो त्या जिभेला! माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन माझ्या पोराचं मरण बोलतोस?"

"झैतुना आपा, ते फक्त वाक्य आहे."

"वाक्य! माणूस बोलतो तेव्हा आमीन म्हणणारा फरिश्ता दारातच उभा असतो. तो काय व्याकरण बघतो? ज्या घरातली माणसं रोज खाली उतरतात त्या घरात असलं बोलत नाहीत. आम्ही म्हणतो, जितक्या वेळा उतरशील तितक्याच वेळा चढ. बस. पुढचं तोंडातून काढायचं नाही. तुझ्या आईनं नाही शिकवलं?"

"माझी आई शाळेत गणित शिकवायची."

"तरीच!"

इल्दुस खाली बघत होता. "आई, राहू दे. मी म्हणतच नाहीये."

"म्हणायचं नाहीच!" ती म्हणाली आणि पाय आपटत परत गेली.

स्वयंपाकघरात इल्झिराने सुरी खाली ठेवली होती. एरवी सासूसमोर ती नजर वर करत नसे, आज केली.

"आई, शुक्रवारी हे नाही म्हटलं तर ते खालीच राहणार."

"दुसरं काहीतरी विचारतील."

"नाही विचारणार. कामच ते आहे. काय वाईट होऊ शकतं ते आधी सांगायचं, त्याचाच पगार."

"वाईट बोलण्याचा पगार!" झैतुना म्हणाली. अशा लोकांच्या घशाखाली घास तरी कसा उतरत असेल. सकाळी उठून नवऱ्याला सांगत असतील, पडशील, बुडशील, मरशील, घे लोणी लाव पावाला.

तिने टोपी पिळली. पिळताना तळव्याला काहीतरी टोचलं.

कोळशाची पूड टोचत नाही, ती साबणासारखी सरकते. झैतुना चार इयत्ता शिकलेली, पण बावीस वर्षं तिने खाणीच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून धावत्या कोळशातून दगड वेचले होते. शेवटी शेवटी तर डोळे मिटून वेचायची. तिने घमेलं तिरकं करून पाणी सोडलं आणि तळाचा गाळ बोटांनी चाळला. काळ्या पुडीत फिकट, चपट्या कपच्या होत्या, पाटीच्या दगडासारख्या, नखाएवढ्या. एक, दोन, मग मोजणं तिने सोडलं. हा कोळशातला दगड नव्हता. हा कोळशाच्या वरचा, छताचा दगड होता.

असल्या कपच्या तिने एकदाच टोपीतून झटकल्या होत्या. तेवीस वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या, मिंगालीच्या. दाराशी वाकून बूट बांधताना तो म्हणाला होता, "झैतुना, ते छत मला..." आणि तिने पुढे होऊन त्याच्या तोंडावर तळहात दाबला होता. त्याच्या मिशा टोचल्या होत्या. तो हसला होता आणि तिच्या हाताखालून मान हलवली होती, बरं बाई, नाही बोलत. खाणीवर जाऊनही तो कोणाला काही बोलला नाही, आणि त्या दिवशी वर आला नाही. ऐकणारा नवरा होता तिचा. सगळी वसाहत म्हणायची.

ती बराच वेळ उजवा तळवा कमरेच्या फडक्याला पुसत राहिली.

"आई?" इल्झिरा म्हणाली.

झैतुनाने कपच्या मुठीत घेतल्या, बाहेर आली आणि त्या टेबलावर, बरोबर त्या बोगद्याच्या चित्रावर ठेवल्या. कागद भिजला. मास्तरने चहाची कपबशी पटकन बाजूला घेतली.

"हे कधीपासून पडतंय?" तिने मुलाला विचारलं.

इल्दुसने कपच्यांकडे पाहिलं. अकरा वर्षांचा असताना काही फोडलं की जसा चेहरा करायचा, तसा केला.

"सोमवारपासून."

"कुठे?"

"आमच्याच बोगद्यात. कोपऱ्यावर. आवाजही येतो थोडा."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगणार? सगळ्यांच्याच टोप्यांत पडतंय. सगळे झटकतात आणि गप्प बसतात." तो थांबला. "बोलायचं नसतं ना."

मास्तरने तोंड उघडलं. झैतुनाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

"आत्ता खाली कोण आहे?"

"दुसरी पाळी. एकोणीस जण."

"मुकादमाला फोन लाव."

"आई, उद्या सकाळी गेलो की मी..."

"लाव म्हणते ना!"

त्याने फोन लावला. मुकादम सावचेंको लगेच बोलला. त्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता, काय रे, अभ्यास सोडून कुठे, साहेब झालास की आम्हाला विसरू नकोस. इल्दुसने घसा साफ केला. तो आईकडे बघत होता. परवानगी मागत होता, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

झैतुनाने उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने मनगटापाशी घट्ट धरून ठेवला.

"बोल," ती म्हणाली.

"छत कोसळू शकतं," इल्दुस म्हणाला. मग एकदा सुटल्यावर भराभर बोलला, कोपऱ्यावरचं, तिसऱ्या खांबापुढचं, सोमवारपासून कपच्या पडतायत, आज आवाज होता, खाली माणसं सापडू शकतात.

मग सावचेंकोने एक शिवी दिली, अशी की इल्झिराने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"सोमवारपासून? आणि आज सांगतोस, गाढवा? ठेव फोन. मी माणसं वर बोलावतो."

इल्दुसने फोन टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या कपाळावर घाम होता. खाली अंगणात कोणीतरी सतरंजी झोडपत होतं.

मास्तरने बलिशचा तुकडा उचलला, चहात बुडवला, तोंडात टाकला. गालात घास तसाच धरून त्याने भिजलेल्या चित्रावरच्या कपच्या बोटाने एका कडेला सारल्या.

"छान," तो म्हणाला. "अगदी बरोबर. आता हेच इंग्रजीत म्हणा."

झैतुनाने नाक मुरडलं. चहा त्याच्या हनुवटीवरून गळत होता, टेबलक्लॉथवर मांसाच्या चरबीचा थेंब पडला होता, आणि त्याला कशाचंच काही नव्हतं. पण इल्दुसने पेन्सिल उचलली होती. तो सावकाश, एकेक शब्द चाचपत, ते वाक्य म्हणू लागला. एकदा म्हटलं. चुकलं. पुन्हा म्हटलं.

ती थुंकली नाही. लाकडावर टकटकही केली नाही. वाक्य संपेपर्यंत उभी राहिली आणि मग मास्तरकडे वळली.

"ऐका मास्तर. तुम्हाला बसायची रीत नाही, खायची नाही, आणि बोलायची तर मुळीच नाही. तोंड नाही ते, गटार आहे. असला घाणेरडा माणूस मी या टेबलाशी कधी बसवला नव्हता." तिने किटली उचलून त्याच्या कपात अर्धा चहा ओतला. "आणि तेवीस वर्षं उशिरा आलात."