परत न मागायचं खमीर

पेसाहच्या सणाआदल्या सकाळी लुसेना गावातल्या यहुदी बायकांची नुसती तारांबळ असते. सणाचे आठ दिवस घरात आंबवलेल्या पिठाचा कणसुद्धा चालत नाही. मसऊदाला मात्र त्याची कधी चिंता नसायची, कारण पीठ आंबवायचं तिचं खमीर भिंतीपलीकडच्या रेहानाकडे जायचं. रेहाना मुसलमान, तिला कसलं पथ्य? आणि खमीर साधंसुधं नव्हतं. मसऊदाच्या आईनं ते लग्नात बरोबर दिलेलं, आईला तिच्या सासूनं दिलेलं.

देणं मात्र खरं हवं. परत घेण्याच्या बोलीवर दिलेलं धर्माला चालत नाही. म्हणून मसऊदा उंबऱ्यावर गोळा हातात ठेवून म्हणायची, "हे आता तुझं. परत दे म्हणणार नाही."

"मग नाही देत जा!" रेहाना डोळे मिचकावायची. आणि सण सुटला की त्याच संध्याकाळी गोळा आणि वर लोण्याची वाटी घेऊन दारात हजर! मसऊदा लग्न होऊन आल्यापासून हीच थट्टा चालली होती, आणि दोघी दरवर्षी तितक्याच हसायच्या.

यंदा हवा निराळी होती. समुद्रापलीकडून आलेले नवे मुसलमान राज्यकर्ते एकेक शहर घेत चालले होते, आणि यहुद्यांनी धर्म तरी सोडावा नाहीतर गाव, अशी त्यांची रीत होती. अशात मसऊदाची जाऊ मलीहा विहिरीवरून धापा टाकत आली.

"ऐकलंस? तुझी ती रेहाना चारचौघींत काय म्हणाली? 'यंदा मसऊदाचं घेणार, पण परत नाही देणार.' सगळ्या फिदीफिदी हसल्या!"

"अगं, ती आमची थट्टा आहे."

"थट्टा! कॉर्दोबा शहर गेलं, तिथंही आधी थट्टाच चालली होती. आज खमीर, उद्या घर. तू बस डोळे मिटून!"

मलीहाच्या जिभेला हाड नाही, हे मसऊदाला काय ठाऊक नव्हतं? पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. तिनं गोळा उचलला आणि अंगणातल्या आगीत टाकला. जाळलेलंही धर्माला चालतं, तेव्हा कुणी नावं ठेवणार नव्हतं.

थोड्या वेळानं रेहाना आली, धुऊन वाळवलेलं मडकं काखेत घेऊन.

"आण गं. आज एवढा उशीर? म्हटलं, दुसरी मैत्रीण केलीस की काय मेले!"

"खराब झालं होतं," मसऊदा म्हणाली. "टाकून दिलं."

दोन अंगणांमधली भिंत ती केवढीशी! जळक्या पिठाचा वास केव्हाच पलीकडे गेला होता. रेहानानं राखेकडे पाहिलं, मग मसऊदाकडे. "असू दे," म्हणाली, आणि रिकामं मडकं घेऊन गेली.

सण सुटला त्या संध्याकाळी दाराची कडी वाजली नाही. मसऊदा वेड्यासारखी कान लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी जावेनं बाजारातून आणलेल्या खमिराची रोटी केली, ती तिनं तशीच पानात ठेवली.

उन्हाळ्यात गाव सोडून निघायची वेळ आलीच. त्या राज्यकर्त्यांचा हात जिथं पोचत नव्हता त्या टोलेडोला जायचं, एका खेचरावर मावेल तेवढंच घेऊन. पीठ मळायची मोठी काठवट काही मावेना. मसऊदा ती डोक्यावर घेऊन रेहानाच्या उंबऱ्यावर गेली.

"ही आता तुझी," ती म्हणाली. "परत दे म्हणणार नाही."

आणि थांबून राहिली. एकदा म्हण गं बाई, एकदाच म्हण, मग नाही देत जा.

रेहानानं काठवट घेतली, ओढणीच्या टोकानं पुसली, भिंतीशी नीट उभी केली.

"मी दरवर्षी परत दिलं होतं ना गं?" ती म्हणाली.

बाहेर मसऊदाचा नवरा खेचराला आणि तिला एकाच सुरात हाका मारत होता. मसऊदाला मान वर करवेना. "हो," एवढंच ती बोलली, आणि तेही पाठ फिरवल्यावर.