रुपीबाईंची अकरा पत्रं

"सरकारचं पत्र आलं म्हनता, मंग वाचून काहून नाही राह्यले हो गुर्जी?" रुपीबाई म्हणाल्या.

चष्मा धूसर झालाय, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. पत्र मी घरीच वाचून काढलं होतं आणि आमच्या गावापासून तांड्यापर्यंतचा दीड किलोमीटर रस्ता पाय ओढत आलो होतो.

रुपीबाई ऐंशीच्या घरातल्या. उमरखेडकडच्या आमच्या शाळेत चौदा वर्षं त्यांनी पोरांची खिचडी शिजवली. मी तिथला हेडमास्तर सदाशिवराव, शुद्धलेखनापायी तालुक्यात बदनाम. २००८ साली आपलं पहिलं यान चंद्राकडे निघालं, ते दुपारी पुन्हा दाखवलं तेव्हा शाळेच्या टीव्हीसमोर पोरांच्या मागे त्याही हातात झारा घेऊन उभ्या होत्या. रॉकेट दिसेनासं झालं तशा म्हणाल्या, "हे त लदेनीच व्हय."

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर माल पोचवायचा, हा बंजाऱ्यांचा जुना धंदा. रेल्वे आली, मोटारी आल्या, धंदा बसला. अगदी शेवटच्या खेपांमध्ये रुपीबाईंचे वडील फुलसिंग लहान वयात चालले होते. बैलावर किती लादायचं, घाट कसा उतरायचा, मुक्काम कुठे टाकायचा, हे सगळं त्यांनी या एकुलत्या एका लेकीला सांगून ठेवलं. तिचं ऐकायला मात्र कोणी उरलं नव्हतं. सून पुष्पासुद्धा म्हणायची, "बैलच नाही राह्यले, आता कायले त्याचं?"

"गुर्जी, त्या रॉकेटवाल्याइले एक पत्र लिवा न," रुपीबाई म्हणाल्या. "एवढ्या दूर बोजा नेऊन राह्यले बिचारे. माह्या बापाचं त्याइच्या कामी येईन."

मला हसू आलं. पण मधली सुट्टी होती, हाताशी कार्बन होता, लिहिलं. मग सवयच लागली. आकाशात काही चढलं किंवा पडलं की रुपीबाई पातेलं घासून हजर. मी निवृत्त झालो, त्यांचंही काम सुटलं, तरी त्या चालत माझ्या ओट्यावर यायच्या आणि पदराला हात पुसत म्हणायच्या, "लिवा." काय दुपारी होत्या त्या! सांगताना बैलांची नावं यायची, नदीचे उतार यायचे. घाटात अडून बसलेल्या बैलाची नक्कल त्या अशी करायच्या की माझी बायको चूल सोडून दारात यायची आणि माझा चहा थंड व्हायचा. आता बायको नाही, आणि तो ओटाही सुना आहे. पंधरा वर्षांत दहा पत्रं गेली. एकाचंही उत्तर आलं नाही.

अकरावं पत्र मी लिहिलंच नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून नात प्रेरणा लिहायला बसली. पोरीनं रुपीबाई बोलल्या तस्संच उतरवलं आणि टपालात टाकलं. नंतर मला वाचून दाखवलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. 'सारं मीठ एका बैलावर लादू नोका. थो बैल नदीत गेला त साऱ्या तांड्याची भाजी अळनी. थोडंथोडं साऱ्याच गोन्याइत टाका.' सरकारला असं लिहितात?

उत्तर आलं ते याच पत्राला.

मी लिफाफा उघडला आणि वाचलं. बंगळुरूच्या अवकाश केंद्रातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडे विदर्भातली एक मुलगी कामाला आहे, तिनं जेवणाच्या सुट्टीत हे पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'मीठ वाटून ठेवायची रीत आम्हीही पाळतो, पण इतक्या सोप्या शब्दांत ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आजी, वडिलांच्या लदेणीतलं आणखी जे असेल ते कळवा. नव्या मुलांना शिकवताना ते आम्हाला हवं आहे.'

रुपीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पुष्पा, आयकलं का वं? माह्या बापाचं मांगून राह्यले!" मग माझ्याकडे वळल्या. "पन आनखी म्हंजे? दहा पत्रं त देल्ली न आपन. त्याइले गवसली नसन. तुमच्यापाशी त्याची नक्कल असते न? वाचा, पुन्हा धाडू."

फाइल पिशवीतच होती. याचीच मला भीती होती. मी एक कागद काढला.

"महोदय, यान उतरविण्यापूर्वी अवतरणस्थळाची सखोल पूर्वपाहणी करण्यात यावी, ही नम्र विनंती."

"हे कोनाचं व्हय?"

"तुमचंच. एकोणीस साली ते यान चंद्रावर पडलं, तेव्हाचं."

"मंग बुढी गाय कुठी हाये याच्यात?"

गाय नव्हती. दुसऱ्या कागदात घाट नव्हता, तिसऱ्यात नदी नव्हती. दहाही कागद 'करण्यात यावे'चे. फुलसिंगांचं तर नावही कुठे नव्हतं.

"मी गाळलं, रुपीबाई," मी म्हणालो. "वाटलं, गाई-बैलांचं लिहिलं तर तुम्हाला हसतील."

खरं तर मला हसतील असं वाटलं होतं. पत्राखाली पत्ता माझा असायचा ना! व्याकरण सांभाळता सांभाळता मुसळ केरात गेलं.

पुष्पा तूर पाखडायची थांबली. रुपीबाई म्हणाल्या, "बरं. आता लिवा. तांडा निंघाला का बुढ्या गाईले पुढं सोडत. थे जिथी बसे, तिथी मुक्काम. पन लगेच बोजा उतरवत नोहोते. पह्यले बा तिच्या खुराखाली पाहे. खुराखाली... काय पाहे बरं?"

त्या थांबल्या. सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ते ओट्यावर ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं. पण तेव्हा मी 'अवतरणस्थळ' हा शब्द शोधण्यात गुंतलो होतो.

"आठवेल," मी म्हणालो.

"नाही आठोत. कागदावर गेलं म्हनून म्या डोक्यातून सोडलं, गुर्जी. बोजा उतरला का बैल त्याले आठोते काय?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. छत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"लिवा," त्या म्हणाल्या. "जेवढं हाये तेवढं. तुमचं काही टाकू नोका."

मी लिहिलं. बुढ्या गाईले पुढं सोडा. थे बसन तिथी मुक्काम. पन बोजा उतरवाच्या पह्यले तिच्या खुराखाली पाहा. इथे माझा पेन अडला.

"काय पाहायचं ते आठवत नाही, असं लिहू?"

"नाही," रुपीबाई ताठ बसत म्हणाल्या. "माह्या बापाले मालूम होतं, असं लिवा."

मी तसंच लिहिलं आणि पुढे चार ओळींची जागा कोरी सोडली.