खाऱ्या पाण्याची बादली

भालचंद्र ग्वाल्हेरच्या सचिवालयात कारकून होता, आणि नया बाज़ारातल्या त्याच्या दोन खोल्यांपैकी एक एका माशाने अडवली होती.

मासा आणला त्याच्या मावसभावाने, विश्वासरावाने. तो मुंबई-दिल्ली मेलच्या डायनिंग कारमध्ये कामाला होता. पाठीवरचा काटा बंदुकीच्या चापासारखा उभा राहतो, म्हणून याला ट्रिगर फिश म्हणतात, एवढं सांगून त्याने तळहाताएवढं ते पोर हवाली केलं. पहिल्याच महिन्यात त्या पोराने टाकीतले बाकीचे चार मासे फाडून खाल्ले. पाच वर्षांत तो दीड वीत झाला. दगड तोंडात धरून इकडचे तिकडे करी, हवेची रबरी नळी कुरतडी, कोणी वाकून पाहिलं की तोंडावर पिचकारी मारी.

"सगळ्यांच्या जहागिरी गेल्या, हा एक जहागीरदार तेवढा उरला," भालचंद्राची बायको शामला म्हणायची. पण तोंड फिरवून का होईना, चिमट्याने त्याला भरवायची तीच.

दर पंधरवड्याला विश्वासराव समुद्राचं पाणी बरण्यांतून आणून स्टेशनवर देई. छप्पनच्या पावसाळ्यात त्याची बदली मद्रासच्या गाडीवर झाली आणि पाणी थांबलं. भालचंद्राने घरचं मीठ विरघळवून पाहिलं. माशाच्या अंगावर पांढुरके डाग उठले, तेव्हा तेही सोडून दिलं.

ऑक्टोबरात हुकूम आला. नव्या राज्याची राजधानी भोपाळ. फायलींबरोबर कारकूनही तिकडे. बराकीत एका खोलीत चौघं, बायकामुलं आणायची नाहीत. शामलाने उज्जैनला माहेरी जायचं ठरलं. मुंबईला जाऊन यायला भालचंद्राने चार दिवसांची रजा मागितली.

"किसलिए?" हेडक्लार्कने विचारलं.

"एक मछली पहुँचानी है, साहब."

हेडक्लार्क हसलासुद्धा नाही. फायली बांधायच्या सुतळीचा गुंडा त्याने भालचंद्रापुढे सरकवला.

कॉलेजात विचारून झालं, फूलबागेतल्या प्राणिसंग्रहालयात विचारून झालं. गोड्या पाण्यातला असता तर ठेवला असता, म्हणाले.

"अहो, मग गाडीतच कुणाला तरी विचारा," शामला म्हणाली आणि तिने इनॅमलची मोठी बादली पुढे ठेवली. मासा दोन दगडांत काटा अडकवून बसला होता. दगड काढेस्तोवर त्याने भालचंद्राच्या अंगठ्याचं नख उचकटलं.

भोपाळला जाणारी गाडी पुढे मुंबईलाच जाते. भालचंद्राने डबाभर विचारलं. शेवटी आग्र्याहून भावाला भेटून परतणाऱ्या, दादरच्या शाळेतल्या एका शिक्षिका, लीलाताई, बादलीत डोकावल्या.

"चावतो का?"

"चावतो," तो खरं बोलला. मग लोटीने पाणी वर उचलून परत कसं ओतायचं, ते दाखवलं. "दर दहा मिनिटांनी करावं लागतं. नाहीतर गुदमरतो."

"रात्रभर?"

भालचंद्र अंगठ्याला बांधलेली चिंधी सारखी करत बसला. लीलाताईंनीच लोटी त्याच्या हातून घेतली.

"दादरला समुद्र जवळ आहे ना?" त्याने विचारलं. लहानपणी एकदाच त्याने समुद्र पाहिला होता.

"पाच मिनिटांवर."

भोपाळला तो उतरला. हजेरी लावली नसती तर नोकरी गेली असती. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्याला लीलाताईंचा खालीवर होणारा हात तेवढा दिसला.

दोन आठवड्यांनी बराकीत पोस्टकार्ड आलं. 'भुसावळपर्यंत तो चांगला होता. त्यानंतर माझा डोळा लागला, क्षमा करा. कल्याणला पाहिलं तर आडवा पडला होता. तरी दादरला उतरले ती तशीच किनाऱ्यावर गेले आणि पाण्यात सोडला. तो स्वतः हलला की लाटेने हलवला, ते मला सांगता येत नाही.'

भालचंद्राने कार्ड दोनदा वाचलं. झोपल्या होत्या म्हणून त्यांना बोल कसा लावायचा? आणि शामलाला आता काय कळवायचं?

"घर से चिट्ठी है?" शेजारच्या खाटेवरच्याने विचारलं.

"हाँ," भालचंद्र म्हणाला, "सब ठीक है."