एका वेळी एकच पार्ट

मिस्त्रीची पद्धत अशी, की बिघडलेल्या गाडीत एका वेळी एकच पार्ट बदलायचा आणि चालवून बघायची. दोन एकदम बदलले, तर फॉल्ट नेमका कशात होता ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं अख्खं गॅरेज याच शिस्तीवर चाललं होतं. त्याची बायको लग्नापासून तिथल्या काउंटरवर बसायची, तिला ती शिस्त तोंडपाठ होती. ती आपल्यावरच चालवली जाईल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

केमो सुरू झाली आणि तिच्या अंगातलं त्राण गेलं. झोपून उठली तरी दमलेलीच. दात घासून झाले की पलंगावर टेकावं लागे. मिस्त्रीने बाह्या सरसावल्या. आधी त्याने बिटाचा रस सुरू केला आणि रोज सकाळी विचारायला लागला, फरक वाटतो का? फरक कसला, डोंबल! पण तो पेला धरून दारात उभा असायचा, हातांना ग्रीसचा वास, डोळे जागरणाने तारवटलेले. तिच्याने नाही म्हणवेना. वाटतो थोडा, ती म्हणाली.

रसानंतर गादी बदलली. मग दुपारची झोप बंद झाली. मग जिन्याच्या चकरा आल्या. दर वेळी ती सुधारत गेली, म्हणजे तोंडाने. अंगाने ती खचत चालली होती. त्याची चाहूल लागली की ती उठून बसायची, चेहऱ्यावर हसू आणायची, आणि तो गेला की पुन्हा गादीवर अंग टाकायची. आजारापेक्षा या नाटकानेच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. खरं सांगावं तर हा माणूस खचेल, न सांगावं तर आपण काही तग धरत नाही, हे तिला दिसत होतं.

पुढच्या केमोआधी डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि थकवा कसा आहे म्हणून विचारलं. नेहमीप्रमाणे मिस्त्रीच बोलला. बराच कमी झालाय, जिना चढते, दुपारी झोपत नाही. सांगताना त्याला कोण अभिमान! बाईंनी पुन्हा रिपोर्टकडे बघितलं, मग थेट तिच्याकडे. रक्त इतकं कमी झालेलं असताना तुम्ही जिना कशा चढता, असं त्यांनी तिलाच विचारलं.

इथेही रेटून खोटं बोलायला जेवढी ताकद लागली असती, तेवढी तिच्यात उरली नव्हती.

"नाही चढत," ती म्हणाली. "दोन पायऱ्या झाल्या की बसते. हे गॅरेजला गेले की दिवसभर पडून असते. मी खोटं सांगत आले यांना."



डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. असं पुष्कळ जण लपवतात, म्हणाल्या, आणि शांतपणे समजावू लागल्या. औषधांनी हाडांतल्या मगजाला दणका बसतो, तांबड्या पेशी कमी बनतात, शरीराला प्राणवायू पुरत नाही. आतून सूज आल्यासारखं चाललेलं असतं. त्यातून सुटणारी रसायनं मेंदूला सारखं बजावतात की पडून राहा, तापात होतं तसं. स्नायू झडतात, झोपेचं वेळापत्रक कोलमडतं.

मिस्त्रीने मान खाली घालून सगळं ऐकलं. मग विचारलं, "पण मूळ फॉल्ट कशात आहे?"

"एकात नाही. सगळं एकदम चालू आहे," बाई म्हणाल्या. "आज रक्त चढवू, केमो थोडी पुढे नेऊ. बाकीच्याला वेळ लागेल. रोज थोडं चालायचं, पण झेपेल तेवढंच. आणि दमलात तर दमले म्हणायचं."

रक्त चढवून दोघं घरी आली, तेव्हा ती पलंगावर पडली आणि तो दारात उभा राहिला. आता काय बदलायचं ते त्याला कळत नव्हतं. माझ्याशी खोटं का बोललीस, एवढंच त्याने विचारलं. तुमचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता, ती म्हणाली.

तो तिच्या पायांशी बसला. याच्या डोक्यात पुढचा पार्ट शिजतोय, असं तिला वाटलं.

"मीपण दमलोय गं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि हलकंही वाटलं. ती भिंतीकडे सरकली.

"मग पडा इथेच," ती म्हणाली. "जेवायचं नंतर बघू. मला उठवत नाही."