भिंतीवरचा भुपेंद्र

कॅमेरा नको, असं ललिताबाईंनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. पण त्यांचं 'नको' असं, की समोरच्याला 'बघ बापा तुझं तू' एवढंच ऐकू यावं. जन्मभर त्या तशाच बोलल्या. त्यामुळे एका बुधवारी सकाळी आंधळगावच्या कोष्टी मोहल्ल्यात पाठीवर ड्रिलची बॅग लावून हेमराज दारात उभा राहिला, तेव्हा दोष द्यायचा तरी कुणाला?

हेमराज चाळिशीतला. भंडाऱ्याला त्याचं कॅमेऱ्यांचं छोटं दुकान होतं. ललिताबाईंच्या मुलानं, भुपेंद्रनं, पुण्याहून त्याला फोनवर गाठलं होतं. आई एकटी असते, वडील जाऊन दोन वर्षं झाली, घरात कोण येतं कोण जातं काही कळत नाही, तर एक चांगला कॅमेरा बसवून द्या. मुलाची काळजी खरी होती, उगाच त्याला नावं ठेवू नयेत. फक्त ती उंटावरून शेळ्या हाकण्याची काळजी होती.

"मावशी, दाराच्या चौकटीवर लावतो. वसरी पूर्ण दिसन, बाहेरचं फाटक दिसन, अन् हा मागही दिसन," हेमराज म्हणाला.

माग म्हणजे वसरीतला, भैयाजींचा. ललिताबाईंच्या नवऱ्यानं चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून करवती काठाच्या साड्या विणल्या. आता माग रिकामा होता. त्याच्या शेजारी ललिताबाईंचा चरखा मात्र चालू होता. विणकराच्या घरी नवरा विणतो आणि बायको त्याच्यासाठी कांड्या भरते; लडीतलं सूत चरख्यावर फिरवून छोट्या नळ्यांवर गुंडाळायचं, की ती कांडी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते. दुपारी चार ते सहा हे काम त्यांनी लग्न होऊन आल्यापासून केलं. भैयाजी गेले तेव्हा घरात एकच लड उरली होती. ललिताबाई रोज तिच्या कांड्या भरत, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सूत उकलून पुन्हा भरत. हे वेडेपण आहे हे त्यांना कळत होतं. कळून काय करता? चार वाजले की हातच ऐकत नसत.

हेमराजनं भोकं पाडली, वायर ओढली. भैयाजींच्या फोटोशेजारी कपाटावर इंटरनेटचा डबा होता, त्याचा पासवर्ड त्यानं विचारला.

"भैयाजी. अन् पुढं एक दोन तीन चार," ललिताबाई म्हणाल्या. भुपेंद्रनंच तो ठेवला होता. हेमराजनं मोबाइलवर नाव टाइप केलं, कॅमेऱ्याची हिरवी लाइट लागली, आणि ललिताबाईंना उगाच बरं वाटलं की काही का असेना, घरात यायला अजून भैयाजींच्याच नावानं दार उघडतं.

पुढं घोटाळा झाला. कॅमेरा कुणाच्या तरी मोबाइलवर नोंदवावा लागतो. ललिताबाईंचा फोन बटणांचा, त्याच्यावर ते होईना. भुपेंद्रला लावला तर तो मीटिंगमध्ये. "तुमच्या मोबाइलवर करून घ्या ना, मले मंग शेअर करा," असं कुजबुजून त्यानं ठेवून दिला. हेमराजनं तसंच केलं. कॅमेरा स्वतःच्या नावावर चढवला आणि भुपेंद्रला नुसती पाहायची परवानगी पाठवली. "हे मंग पुरं त्यायच्या नावावर करून देतो जी," तो म्हणाला, आणि असली कामं जशी विसरली जातात तशी ती गोष्ट तिथंच विसरला.

जाताना चहा देताना ललिताबाईंनी विचारलं, "याच्यातून त्याले मी दिसन काय?"

"दिसान ना जी. बोलताही येते याच्यातून."

"मंग तो फोन कायले करन गा?"

हेमराज हसला. त्याला वाटलं मावशींनी थट्टा केली. थट्टा नव्हती. भुपेंद्रचा रोज संध्याकाळी सातला फोन येई. जेवली काय, गोळी घेतली काय, दार लावलं काय, अशा तीन प्रश्नांचा, मोजून दोन मिनिटांचा. पण त्या दोन मिनिटांसाठी ललिताबाई अख्खा दिवस राबत. दिवसभरातली एखादी गोष्ट निवडून ठेवायच्या. गाय कुणाची व्याली, तलावाला पाणी किती आलं, शेजारणीच्या, चंद्रकांताच्या, शेळीनं आज काय खाल्लं. दुसरं कुणी फोन करणारं नव्हतं. तो फोन गेला तर त्यांच्याकडे संध्याकाळ नावाचं काही उरणार नव्हतं, आणि हे ज्याला सांगायचं तो फोनवर फक्त दोन मिनिटं असायचा.

पहिल्या संध्याकाळी भुपेंद्र भिंतीतूनच बोलला. "आई, ऐकू येते काय?" ललिताबाईंच्या हातातला तांब्याच पडला. कुठं तोंड करून उत्तर द्यावं कळेना, म्हणून त्या कपाटावरच्या डब्याकडे पाहून बोलल्या. भुपेंद्र हसला, सूनबाई मेघा हसली, दोघांनी खुशाली विचारली. मजा वाटली, खोटं कशाला बोला. तीन दिवस असं भिंतीतून बोलणं झालं. चौथ्या दिवशी भिंतही बोलली नाही आणि फोनही वाजला नाही.

सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच लावला.

"काय झालं आई? सगळं ठीक आहे ना?" भुपेंद्र घाबरून म्हणाला.

"ठीक आहे. तुहा फोन नाही आला म्हून..."

"अव, तू दिसून राहिली ना मले. आताच पाह्यलं, चरख्यावर बसली होती. बरं, मी कामात आहे, ठेवू?"

ठेव म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर मात्र त्यांनी लावला नाही. ज्याला आपण दिसतोच आहोत त्याला आपण आहोत हे कळवायला फोन करायचा, हे त्यांना भीक मागण्यासारखं वाटलं.

त्यात आणखी एक झालं. दुपारी वसरीत चंद्रकांता आणि मोहल्ल्यातल्या दोन सुना येऊन बसत, पाय पसरून, पदर सोडून, सासवांची निंदानालस्ती करत. कॅमेरा लागल्यावर त्या पहिल्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन बसल्या, दुसऱ्या दिवशी काही बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी चंद्रकांता फाटकातूनच म्हणाली, "भिंतीवर तुमचा भुपेंद्र बसला आहे व काकू. माणसासमोर कसं बसाव? तुमीच येत जा आमच्याकडं." ललिताबाई एकदा गेल्या. पण दुसऱ्याच्या घरी चरखा नव्हता, आणि जावई आलेला होता. मग वसरीत यायला राहिली ती फक्त चंद्रकांताची शेळी. तिला कुणाची भीड नव्हती.

आता ललिताबाईंचा दिवस असा झाला. सकाळी धुतलेलं लुगडं नेसून कॅमेऱ्यासमोरून दोनदा जायचं. जेवणाचं ताट मुद्दाम वसरीत आणून ठेवायचं, ताटात काय आहे ते दिसेल असं. गोळी घेताना हात जरा उंच धरायचा. झोपायला जाताना चौकटीकडे पाहून "जाते रे" म्हणायचं. देवाला तरी माणूस काही मागतं. इथं मागायचंही काही नव्हतं, नुसतं दिसायचं होतं.

कॅमेरा लागून असे एकोणीस दिवस गेले आणि विसाव्या दिवशी सकाळी ललिताबाईंच्या डोक्यात एक लबाडी आली. साधीच होती. दिसलो नाही तर काय होईल? दिसलो नाही की विचारावंच लागेल! त्यांनी खाट, चरखा आणि लड उचलून मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसातल्या छपराखाली, नेली. पुढचं दार आतून लावलं आणि वसरीत पाऊल टाकलं नाही. स्वतःवरच हसल्या. लपंडाव खेळायचं हे वय होय? फोन मात्र कमरेच्या बटव्यात ठेवला, आवाज मोठा करून.

सात वाजले. साडेसात वाजले. कामात असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनमध्ये बॅलन्स आहे का ते मागच्या वाटेनं दुकानात जाऊन पाहून घेतलं. होता. सात वाजले, आठ वाजले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक करायचं मन झालं नाही, नुसती भाताची पेज प्यायल्या. चरखाही तसाच पडला. दुपारी छपराखाली बसल्या बसल्या त्यांना रडू आलं, आणि हे रडूही कॅमेऱ्यात दिसणार नाही याचं आणखी वाईट वाटलं. काय मागत होतो आपण? दोन मिनिटं. तीही आता फाजील झाली.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला फाटक जोरात वाजलं.

"मावशी! ओ मावशी!"

हेमराज होता. घामाघूम, हेल्मेट हातात. ललिताबाई मागून फिरून पुढं आल्या, तेव्हा त्यानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि ओट्यावर मटकन बसला.

"बऱ्या आहा ना जी? तीन दिवस झाले, चरखा नाही दिसला. दुकानात लक्षच लागे ना माहं. म्हटलं पडल्या बिडल्या का काय."

"तुले कसं दिसलं नाही?" ललिताबाईंनी विचारलं. प्रश्न विचित्र होता, पण हेमराजला समजला, आणि त्याची मान खाली गेली.

"चुकलं माहं. कॅमेरा माह्या मोबाइलवर राहून गेला जी. शेअर केलं अन् आपलं नाव काढाचं विसरलो. दोन-चार दिवसांनी पाह्यलं तं तुमी कांड्या भरून राहिल्या होत्या. माही माय भरे अशाच. मंग रोज चार वाजता एक डाव पाहो. लोकाच्या घरात असं पाह्यनं बरं नाही, कळते मले. उद्या काढू, उद्या काढू म्हणता..."

ललिताबाईंना राग यायला हवा होता. परका माणूस घरात डोकावत होता! पण त्यांच्या मनात दुसराच हिशेब चालला होता. भंडाऱ्याहून हा आला.

"अन् भुपेंद्रले नाही दिसलं काय?"

हेमराजनं हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्यायच्या मोबाइलवर घंटी वाजे जी, काही हाललं का. शेळी आली का घंटी, कुत्रं आलं का घंटी. दिवसाला शंभर डाव. पंधरा दिवस झाले, त्यायनं मले इचारलं बंद कशी कराची म्हून. मीच सांगितलं."

"म्हंजे तो पाह्यत नाही."

"पाह्यत असन कधीमधी," हेमराज म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की कसं ऐकू येतं, तसं ते ऐकू आलं.

ललिताबाई चौकटीवरच्या हिरव्या लाइटकडे बघत राहिल्या. इतके दिवस धुतलेलं लुगडं, वसरीतलं ताट, उंच धरलेली गोळी. सगळं कुणासाठी? एका शेळीनं त्यांच्या मुलाचं दार वाजवून वाजवून बंद करून टाकलं होतं. त्यांनी चहा ठेवला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ठेवला.

"मी आता आधी माहं नाव काढतो जी," हेमराज मोबाइल काढून म्हणाला. "पाप नको."

त्यानं काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं, आणि कपाळावर हात मारला. मूळ नोंद त्याचीच होती. ती काढताच भुपेंद्रला दिलेली परवानगीही तिच्यासोबत गेली. हिरवी लाइट जाऊन लाल लुकलुकायला लागली.

"गेलं. त्यायच्या मोबाइलवर आता कॅमेराच नाही राहिला. थांबा, दहा मिनिटं..."

तेवढ्यात ललिताबाईंच्या बटव्यात फोन वाजला. आवाज एवढा मोठा होता की दोघंही दचकले.

"आई, कॅमेरा काढला काय कोणी? माह्या मोबाइलवर आलं, काढून टाकला म्हून!"

बावीस दिवसांनी त्यानं आपणहून फोन लावला होता. त्यानं कॅमेऱ्याचं विचारलं होतं, आईचं नाही. ते ललिताबाईंना नीट कळलं आणि लागलंही. शेजारी हेमराज खुणेनं सांगत होता, दहा मिनिटांत चालू होते म्हणा.

"बिघडला रे," ललिताबाई म्हणाल्या. "हेमराज आला आहे इथं. मोठा बिघाड आहे म्हणते. सामान बाहेरून येन. लय दिवस लागन म्हणते."

हेमराज बघतच राहिला. जन्मभर 'नको' धड न म्हणता आलेली बाई एका दमात चार खोट्या गोष्टी बोलली होती.

"लय दिवस? अरे यार. मंग आता कसं..." भुपेंद्र थांबला. पलीकडे कुठं तरी गाड्यांचा आवाज येत होता. "बरं. मंग... जेवली काय तू?"

ललिताबाई ओट्यावर बसल्या. सकाळपासून पेजेशिवाय पोटात काही नव्हतं, चुलीवर चहाखेरीज काही चढलं नव्हतं.

"जेवली ना," त्या म्हणाल्या. "लाखोरीची डाळ केली होती, तुले आवडते तशी, लसणाची फोडणी देऊन. अन् भात. अन् वालाच्या शेंगा. शेंगा चंद्रकांतानं देल्या, तिच्या शेळीनं अर्धा वेल खाल्ला, ते सांगते आयक..."

हेमराजनं चहाचा कप हलकेच खाली ठेवला. स्टुलावर चढून त्यानं कॅमेऱ्याची पिन काढली, अडॅप्टर गुंडाळला आणि आवाज न करता बॅगेत टाकला.