वरदाचा मोगरा

आम्ही बेळगावकडचे माळी. चार पिढ्या देवळाला फुलं पुरवली. इथं विलायतेत, स्टॅनमोरमध्ये, हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण माझा डॉक्टर मुलगा गिरीश सांगत नसे आणि सून वरदा सांगू देत नसे.

दोन हजार सहाच्या दिवाळीत तिची मैत्रीण शैला फराळाला आली होती. तिनं मला विचारलं, "काकू, तुमच्या घरी काय करायचे?"

मी तोंड उघडायच्या आत वरदा म्हणाली, "शेती होती गं, खूप मोठी. आईंना आपली गार्डनिंगची हॉबी."

गिरीश करंजी मोडत खाली बघत राहिला.

वरदाचा एक मोगरा होता, मागच्या काचेच्या खोलीत. तिची आई वारली तेव्हा पुण्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली काडी. तीन वर्षांत नुसता पाला. जानेवारीत ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, याला फूल कसं येईल हो? मेमध्ये आईची तिथी आहे. फोटोला एक तरी..."

"ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं खुडायची, मुळं उघडी करायची. आपण मरतोय असं झाडाला वाटलं पाहिजे, मग ते फुलतं."

हे खरंच आहे. आम्ही दर वर्षी करायचो.

"इथंच आत ठेवू ना?"

आमच्याकडे मुळांना ऊन देतात. इथं बाहेर गवत हिमानं पांढरं झालं होतं.

"बाहेर," मी म्हटलं. "हॉबीवाल्यांना नाही कळायचं. माळ्यांना कळतं."

तिनं उघड्या हातांनी माती उकरली. बोटं लाल झाली.

"दुखत असेल का हो त्याला?"

"दुखलंच पाहिजे."

दहा दिवसांनी, ती कामावर गेल्यावर, मी खोड नखानं खरवडलं. जिवंत झाड सालीखाली हिरवं असतं. हे पार मुळापर्यंत तपकिरी होतं.

शनिवारी सकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊन कुंडीपाशी उभी राहिली.

"आई, आता घालू?"

गिरीश दारात चहा पीत होता. त्यानं कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माळ्याचाच पोर तो, त्याला कळलं. तो खाली कपात बघत राहिला.

"अजून आठ दिवस," मी म्हटलं.