पूर्वजांची आखणी

पेणच्या रामवाडीतल्या कारखान्यात सगुणाबाई तीस वर्षं गणपतीचे डोळे आखत होत्या. आखणीच्या दिवशी त्यांचा उपास असे, आणि मौनही. गणपती घरोघर गेले की कारखाना रिकामा. त्याच दिवसांत त्यांची लेक मालू रोह्याहून आली. तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची.

"आये, शाडूचे चार पुतळे हवेत. माणूस कसा घडत आला ते दाखवायचं हाय."

"देवानं घडवला."

"व्हय, पण त्याला किती वर्षं लागली ते सांगायचं हाय."

सगुणाबाईंना यात वावगं दिसलं नाही. देवाला घाई असते, असं त्यांनी कुठल्याच पोथीत ऐकलं नव्हतं.

अडचण होती हैबतरावांची. शाळा समितीच्या या अध्यक्षांना मालूच्या विज्ञानाच्या खोलीत मंडपाच्या कनाती ठेवायच्या होत्या. "पोरांना माकडाची अवलाद म्हणतेस, पालक ओरडतात," ते म्हणाले होते. "सर्वपित्रीपर्यंत प्रदर्शन मांड. लोकांनी हो म्हटलं तर खोली तुझी. नाय तर कनाती आत."

पुतळे सुकले, रंगले. डोळे रानटी हवेत हे मालूला उशिरा आठवलं. ती धावत कारखान्यात आली तेव्हा आखणी सुरू होती.

"आये, असे नकोत गो!"

आयेचं मौन होतं. चौघांनाही तिला येणारे एकच डोळे मिळाले: लांब, शांत, अर्धे मिटलेले.

पेंढ्यात गुंडाळलेले पूर्वज सगुणाबाईंसोबत एसटीनं रोह्याला गेले. पहिल्याच दिवशी लोकांनी दाराबाहेर चपला काढल्या. शाळेशेजारच्या जनीनं सगळ्यांत केसाळ पुतळ्यापुढे जास्वंद ठेवली. "ह्यो कुठला देव म्हणायचा?"

मालूनं डोकं धरलं. "आये, तुझ्या डोळ्यांनी घात केला."

सगुणाबाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून पूजा उरकून त्या पहिल्या एसटीनं येत आणि खोलीच्या दाराशी बसत. येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगत, "देव नाय हो. हे आपले पूर्वज."

हे खरंच होतं. पण दिवस पितृपक्षाचे होते. तिसऱ्या दिवशी जनी केळीच्या पानावर खीर-वडे घेऊन आली, आणि खिडकीत कावळे जमले.

धाटावच्या एमआयडीसीतून शिफ्ट सुटलेला केरू पानाकडे आणि त्यामागच्या पुतळ्याकडे बघत होता. "मॅडम, ह्यो कोणाकडचा? आईकडचा का बापाकडचा?"

मालूनं मान वर केली. पूर्वजांबद्दलचा हा पहिला प्रश्न होता.

"दोन्हीकडचा."

"जनीचा पण?"

"जनीचा, तुझा, हैबतरावांचाही."

"आन् माकड?"

"आताचं माकड आपला पूर्वज नाय. ते चुलत घराणं. मूळ एक, वेगळे झालो त्याला कोट्यवधी वर्षं झाली."

"म्हंजे वाटण्या झाल्या."

"तसंच समज."

दुसऱ्या दिवशी केरूनं शिफ्टमधले सहा जण आणले आणि त्यांना सगळं स्वतः समजावलं. मालूला एकदाच दुरुस्त करावं लागलं.

सर्वपित्रीला संध्याकाळी हैबतराव चार माणसं घेऊन आले. "झालं प्रदर्शन. चला, मूर्ती कुंडलिका नदीत विसर्जन करू."

जमलेल्यांना ते रीतीला धरून वाटलं. दोघांनी पुतळ्याला हातही घातला.

"लोकांनी हो म्हटलं तर खोली माझी, असं ठरलं होतं," मालू म्हणाली.

"लोक पाया पडले. हो कोण म्हणालं?"

दाराशी बसलेल्या सगुणाबाई नेहमीच्याच आवाजात बोलल्या, "हैबतराव, विसर्जन देवाचं करतात. हे तर आधीच गेलेत."

पुतळ्याला लावलेले हात निघाले.

"मी म्हणतो हो," केरू म्हणाला. "माझ्या पोराला ह्यो धडा ह्याच खोलीत शिकवा."

"माझ्या पण," जनी म्हणाली. मग बरेच हात वर झाले.

हैबतरावांनी केसाळ पुतळ्याकडे पाहिलं. त्यानं अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. कनाती हैबतरावांच्या पडवीत गेल्या.

निघताना हैबतरावांनी मालूला विचारलं, "तो केरू सांगत फिरतो ते चुलत घराणं नाय केलंस?"

"पुढल्या वर्षी करू."

सगुणाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "डोळे कसले काढायचे गो?"

मालूनं पुतळ्यांकडे बोट केलं. "हेच."